आमच्या कॉलेजच्या टीमने कुणाशी खेळावं?

गेल्या रविवारी डिचोलीत आम्हा माजी विद्यार्थ्यांची बैठक झाली. विषय एकच होता. कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी आपण जे पैसे जमवले, त्यातून यंदा तीन फ्रेंडली मॅचेस खेळवायच्या. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मॅचेस असतातच, तिथे समोर कोण येणार ते ड्रॉ ठरवतो. या तीन मात्र आपल्या मर्जीच्या, हवा त्याला बोलवा. झालं, दोन तास गोंधळ! एकाला एफसी गोवाची राखीव टीम हवी, दुसऱ्याला धेंपो. पुण्याहून खास आलेला एक बालमित्र म्हणाला, "मोहन बागानच्या पोरांना पत्र तरी लिहून बघूया, काय जातंय?" मी तिथे फारसं बोललो नाही. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून हे लिहायला बसलो.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच.

जे गोव्याबाहेर स्थायिक आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. बाहेर गोवा म्हटलं की फुटबॉल, हे समीकरण पक्कं आहे. पण गोव्यात फुटबॉल म्हणजे सासष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव. पेडणे आणि डिचोली म्हणजे भजन, दशावतार, काला, जत्रा आणि खेळाचं म्हणाल तर व्हॉलीबॉल आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. आम्ही मडगावच्या बाजूला मॅच खेळायला गेलो की तिथली पोरं हसायची. "हे भटजी आले," असंही एकदा ऐकलंय. टीममध्ये भटजी एकही नव्हता हो, चार जणांचे वडील ट्रक चालवत होते!

गंमत बघा. गोव्यात फुटबॉल आला तो 1883 साली, विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्रीबरोबर, आणि आला तो शिवोलीत. शिवोलीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर शापोरा नदी आणि पलीकडे चोपडे, म्हणजे आमचा पेडणे महाल. फेरीबोटीने पाच-सात मिनिटं. तेवढी नदी ओलांडायला फुटबॉलला शंभर वर्षं लागली असं माझे मामा म्हणायचे. ते पार्सेचे. थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

डिचोलीचं दुखणं वेगळंच. इथली तांबडी माती ट्रकांत भरून सारमानसच्या धक्क्यावर जायची, तिथून बार्जीत, मांडवीतून मुरगाव बंदराला. त्या खनिजावर जी घराणी मोठी झाली, त्यांनीच पुढे धेंपो आणि साळगावकरसारखे क्लब चालवले. धेंपोने पाच वेळा देशाचं विजेतेपद आणलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. अभिमान आहेच, नाही असं नाही. पण ज्या गावांनी ती धूळ खाल्ली, तिथल्या पोरांना धड एक हिरवं मैदान मिळायला किती वर्षं गेली? साखळीला सेसाची अकादमी आली ती नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. ती चांगली गोष्ट झाली, पण आम्ही तोवर कॉलेज सोडलं होतं. मग 2012 ला खाणी बंद, पुन्हा 2018 ला बंद, आणि मधल्या मध्ये 2016 ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडलं.

तरी हा खेळ आपला नव्हे असं कुणी म्हणालं की मी ब्रह्मानंद सांखवाळकरचं नाव घेतो. 1983-84 ला त्याच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली, अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता. घरी रेडिओला कान लावून बसलेले वडील मला अजून दिसतात. मी शाळेत होतो. गोलकीपर व्हायचं तेव्हाच ठरवलं. पुढे उंचीने दगा दिला, ते सोडा.

आता मुद्द्यावर येतो. त्यासाठी मला 1995 चा जानेवारी सांगायला हवा.

त्याआधीच्या पावसाळ्यात, बाजीओची ती वर्ल्ड कपची पेनल्टी हुकली त्याच सुमारास, आम्ही आंतरमहाविद्यालयीन मॅचमध्ये नऊ गोल खाल्ले होते. नऊ! आमचा गोलकीपर मुळात व्हॉलीबॉलचा शूटर, तो बॉल पकडायचाच नाही, सवयीने वर मारायचा. परतताना बसमध्ये कुणी बोलेना. आमचे सर पुढच्या सीटवर बसले होते, ते मागे वळून एवढंच म्हणाले, "कितलेय गोल खायात, पूण मैदान सोडूं नाकात."

त्या सरांनीच मग ठरवलं की वर्षातून एकदा ड्रॉमध्ये मार खाऊन पोरं शिकणार नाहीत, मधे मधे फ्रेंडली हव्यात. कॉलेजला मैदान नव्हतं. म्हणून पेडण्याच्या बाजूच्या एका मित्राच्या गावात, सरदीचं भात कापून झालेल्या शेतात मैदान केलं. आठ दिवस बांध सपाट करत होतो. पोफळीचे खांब रोवले, चुन्याने रेषा मारल्या. एका नामांकित टीमला आमंत्रण होतं, होकारही आला होता. गावातल्या बायकांनी साठ माणसांची पातळभाजी केली, पोदेराला जादा पाव सांगितले. देवळाकडून बाकडी आणली. तीन वाजता सगळा गाव बांधावर. साडेतीन झाले. चार वाजता एक माणूस स्कूटरवरून निरोप घेऊन आला की शेतात खेळलं तर पाय मोडतील, आमच्या मुलांना पुढे मोठी स्पर्धा आहे, येणं जमायचं नाही.

कुठली टीम ते विचारू नका. आज त्या पोरांपैकी दोघे माझे चांगले मित्र आहेत, आणि त्यांना हा निरोप कधी गेला तेही ठाऊक नव्हतं.

सर काही बोलले नाहीत. मित्राची मोटरसायकल घेतली आणि गेले ते थेट चोपड्याच्या फेरीवर. तासाभराने परत आले ते एका टेम्पोतून, मागे अकरा-बारा माणसं. शिवोलीकडच्या एका वाड्यावरची टीम. कुणी नुकताच होडीवरून आलेला, कुणी गवंडीकाम करणारा, एक तर चाळिशीचा, पोट सुटलेला. बूट सहाच जणांकडे. बॉल मात्र त्यांनी स्वतःचा आणला होता, आमच्यापेक्षा चांगला. अंधार पडेस्तोवर खेळलो. आम्ही 3-2 ने हरलो. तो पोटवाला सेंटरला उभा राहून, जागचा न हलता, नुसत्या पासवर आम्हाला पळवत होता. हाफटाइमला त्यानेच आमच्या लेफ्ट बॅकला बाजूला घेऊन उभं कसं राहायचं ते दाखवलं. समोरच्या टीमच्या माणसाने! मॅच झाल्यावर पातळभाजीचा टोप रिकामा केला, बांधावर बसून मांडो म्हटले, आणि शेवटच्या फेरीला धावत गेले.

माझ्यासाठी फुटबॉलने नदी ओलांडली ती त्या संध्याकाळी.

म्हणून मला वाटतं, स्वप्नातला प्रतिस्पर्धी कोण, याचं उत्तर नावाच्या मोठेपणावर ठरवू नये. मोठं नाव आणलं तर काय होईल? त्यांची तिसरी फळी येईल, पोरं सेल्फी काढतील, आठ गोल खातील, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी. माझी कसोटी साधी आहे. तो आपल्याकडे येईल का, आपल्याला त्याच्याकडे बोलावील का, आणि मॅचनंतर थांबून जेवेल का. फ्रेंडली ही परतफेडीची गोष्ट आहे, लग्नातल्या आहेरासारखी. एकतर्फी असेल तर ती मॅच नव्हे, तमाशा.

या कसोटीवर माझं पहिलं नाव गडहिंग्लज. हसू नका. बैठकीत हसलात म्हणून तर गप्प बसलो. कोल्हापुरात फुटबॉल केवढा आहे हे निदान थोड्यांना ठाऊक असतं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, एकेक तालीम म्हणजे एकेक पेठेची अब्रू. शाहू स्टेडियमवर मॅच असली की त्या पेठेत दुसरा विषय नसतो. कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉलची टीम निघते, हे जगात आणखी कुठे असेल मला माहीत नाही. 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, आपल्या फातोर्ड्यालाही मॅचेस होत्या, त्या भारतीय टीममधला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण कोल्हापूर आत्ताच्या आपल्या टीमला जड जाईल. तिथल्या गर्दीपुढे आपली पोरं बावरतील. गडहिंग्लज म्हणजे आपल्या डिचोलीसारखं तालुक्याचं गाव, आणि फुटबॉलचं वेड असं की दिवाळीतसुद्धा स्पर्धा. सावंतवाडी, आंबोली, आजरा, की गडहिंग्लज. सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथे.

आपल्या पोरांनी हे बघावं असं मला फार वाटतं. मराठी बोलणारी, मारुतीला नारळ फोडून मैदानात उतरणारी, आपल्यासारख्याच घरांतली पोरं किती जीव तोडून फुटबॉल खेळतात ते बघू देत. म्हणजे "फुटबॉल आमचा नव्हे" हे जे डोक्यात बसलंय ते निघेल. मडगावकडून ते निघणार नाही, कारण ते मडगावकडूनच बसलंय.

दुसरं नाव बेळगाव. चोर्ला घाट चढला की आलंच. इथे अर्ध्या घरांची सोयरीक तिकडे आहे, राहायची-जेवायची चिंता नाही. खेळाचं बोलायचं तर शहरात चांगल्या टीम्स आहेत, आपल्या तोडीच्याही सापडतील. याहून जास्त कारण लागतं का?

तिसरं, शिवोली. अर्थातच. मॅच त्यांच्याकडे नव्हे, आपल्याकडे. आता फेरीची वाट बघायला नको, पूल झालाय. त्या 1995 च्या माणसांपैकी जे असतील त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या द्यायच्या. पातळभाजीचा खर्च माझा.

कालिकत विद्यापीठाचं नाव एका ज्युनियरने काढलं, ते मला मनापासून आवडलं. विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये त्यांचा दबदबा आहे, सर आशुतोष मुखर्जी ट्रॉफी त्यांनी कितीदा तरी नेलीय. आता मोपाला विमानतळ आहे, म्हणजे पाहुणे थेट पेडण्यातच उतरतील, ही कल्पनाही गोड आहे. पण तिकिटांचा खर्च बघता ते यंदा नको. तीन वर्षं टीम टिकवली तर बोलू.

टिकवली तर असं म्हणतोय, कारण खरी भीती तीच आहे. यंदा सरावाला नऊ पोरं येतात. नऊ. बाकीची कुठे? एकजण विमानतळावर शिफ्टला, दोघे हरमल-मोरजीच्या हॉटेलांत, एकाचा बाप म्हणतो, फुटबॉल खेळून काय मिळणार. पोरांना दोष देत नाही. खाणी गेल्यावर घरं कशी चालली ते मी बघितलंय. पण कॉलेजने टीमची नोंदणीच केली नाही तर पुढच्या वर्षी आपण पैसे जमवून करणार काय? गडहिंग्लजची बस ठरली आहे, तिथे राहायचंय, तिथल्या मैदानावर गर्दी येणार आहे, असं कळलं तर नऊचे सोळा होतील. मी त्या वयात झालो होतो.

बैठकीत एकाने विचारलं, "आणि तिथे जाऊन सात गोल खाल्ले तर?" खाऊ. परत यायची बस आपलीच आहे.

आता तारखा. एप्रिल-मे कुणीतरी सुचवलंय, ते नको. टीममधले चौघे लईराईचे धोंड आहेत, शिरगावच्या जत्रेआधी त्यांचं सोवळं असतं, बाहेरचं खाणं चालत नाही. त्यात परीक्षा. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक गावची जत्रा आडवी येते, तरी संक्रांतीनंतरचे दोन शनिवार-रविवार मोकळे दिसतात. शिवोलीची मॅच आधी, मग गडहिंग्लज, बेळगाव शेवटी.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात ज्यांचे पाहुणे आहेत त्यांनी खाली लिहा. वीस मुलांची एका रात्रीची झोपायची सोय हवीय, शाळेचा हॉल चालेल. मुलींची टीम निघत असेल तर त्यांच्यासाठी वेगळी सोय बघू; दोघीतिघींनी विचारलंय. बसचं मी बघतो. आणि आमच्या त्या व्हॉलीबॉलवाल्या गोलकीपरला कुणीतरी फोन करा, तो वाशीला असतो. त्याने यायलाच पाहिजे.