फुकटच्या पत्त्यांचा हिशेब

दिवाळीच्या चार दिवसांत पत्त्यांविरुद्ध लिहायला बसणे म्हणजे फराळाच्या ताटासमोर उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी पत्त्यांचा शत्रू नव्हे. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट या चार पाठशाळांतून माझे शिक्षण झाले आहे, आणि तिथे मिळाले तेवढे शहाणपण पुढे पदवी घेऊनही मिळाले नाही. माझे भांडण आहे ते एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे ‘फुकट’.

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “मामा, हा खेळ बघा. अगदी फुकट!” खेळाचे नाव ‘हार्थस्टोन’. ब्लिझर्ड नावाच्या अमेरिकन कंपनीने तो २०१४ साली आणला. त्यात चेटकी, योद्धे, राक्षस, ड्रॅगन अशी सारी परीकथेतली मंडळी पत्त्यांवर बसलेली असतात. प्रत्येकाने आपला ३० पत्त्यांचा कॅट बांधून आणायचा. पहिल्या डावाला एक स्फटिक, दुसऱ्याला दोन, असे दहापर्यंत बळ वाढत जाते, आणि त्या बळात परवडतील तेवढे पत्ते टाकून समोरच्याचे ३० प्राण शून्यावर आणायचे.

खेळ चांगला आहे, हे कबूल केलेच पाहिजे. नियम दहा मिनिटांत कळतात, आणि डोके चालवायला जागा भरपूर. शिवाय प्रतिस्पर्ध्याशी बोलायची सोय नाही. ठरावीक पाच-सहा उद्गार तेवढे काढता येतात. त्यांत ‘क्षमा करा’ हाही एक उद्गार होता. लोक त्याचा उपयोग समोरच्याला चिडवण्यासाठी करू लागले, म्हणून २०१६ साली कंपनीने तो काढून त्याच्या जागी ‘वाहवा’ घातला. आता लोक ‘वाहवा’ म्हणून चिडवतात. मनुष्यस्वभावापुढे कंपनी तरी काय करणार!

पण मूळ मुद्दा पत्ते कुठून येतात हा आहे. आपल्या कॅटात ५२ पाने. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२०. सावकाराचा मुलगा बसो की मोलकरणीचा, पाने त्याच एका ढिगातून वाटली जातात. वाईट पाने आली तर दैवाला शिव्या द्याव्यात, बापाच्या पगाराला नव्हे. इथे मात्र ज्याचे पत्ते त्याने आणायचे, आणि ते बंद पाकिटातून. एका पाकिटात पाच पत्ते. आत काय आहे ते फोडल्यावर कळणार.

आता हिशेब. पाकिटाची किंमत खेळातली १०० सोन्याची नाणी, नाहीतर रोख पैसे. पहिली काही वर्षे नियम असा होता की, तीन डाव जिंकले की दहा नाणी, आणि रोजची नेमून दिलेली कामगिरी केली की बहुधा ४० ते ६०. म्हणजे नित्यनेमाने हजेरी लावणाऱ्याला सुमारे दोन दिवसांत एक पाकीट. चीनमध्ये १ मे २०१७ पासून कायद्याने असे आकडे सांगणे भाग पडले, तेव्हा कंपनीने जाहीर केले की ‘लेजंडरी’, म्हणजे सर्वांत दुर्मिळ पत्ता, सरासरीने २० पाकिटांत एक निघतो. म्हणजे चाळीस दिवस! आणि तोही कोणता तरी, हवा तोच नव्हे. एवढ्या निष्ठेने व्रत केले असते तर उद्यापन तरी झाले असते. इथे उद्यापन नाही. २०१७ पासून वर्षाला साधारण तीन नवे संच येतात, प्रत्येकात शंभराहून अधिक पत्ते, आणि २०१६ पासून जुने संच मुख्य स्पर्धेतून बाद होत जातात.

नको असलेला पत्ता मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. तो मोडून ‘धूळ’ करायची आणि त्या धुळीतून दुसरा घडवायचा. लेजंडरी घडवायला १६०० धूळ लागते. मोडला तर मिळते ४००. साधा पत्ता घडवायला ४०, मोडल्यावर ५. आपला सोनार मोडीत घट धरतो म्हणून आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो. पण रुपयाला चार आणे, दोन आणे हातावर ठेवणारा सोनार अजून माझ्या पाहण्यात नाही.

यावर खेळाचे कैवारी सांगतात की, एक पैसाही न घालता वर्षानुवर्षे खेळणारे लोक आहेत. खरे आहे. २०२१ साली कंपनीने दोनशेहून अधिक पत्त्यांचा मूळ संच सर्वांना विनामूल्य दिला. त्याआधी तोच लेजंडरी पुन्हा निघू नये अशी व्यवस्थाही केली. त्याचे श्रेय मी देतो. पण फुकट खेळणारा गडी कंपनीला का हवा असतो? पैसे देणाऱ्याला हरवायला कोणीतरी समोर बसलेले पाहिजे, म्हणून! आखाड्यात पैलवान एकटाच उभा राहिला तर तिकिटे कोण काढणार?

पाकिटाशिवाय हा धंदा चालतच नाही, हेही मला पटत नाही. १९९३ साली ‘मॅजिक’ काढून ही पाकिटांची चाल रूढ करणाऱ्या रिचर्ड गारफील्ड यांचाच ‘नेटरनर’ नावाचा दुसरा एक खेळ होता. तो २०१२ साली दुसऱ्या प्रकाशकाने नव्याने काढला, तेव्हा प्रत्येक डबीत काय आहे ते उघड असे आणि सर्वांना तेच पत्ते मिळत. सहा वर्षे तो तसा चालला.

बेल्जियमने २०१८ साली याच कंपनीच्या दुसऱ्या एका खेळातील बंद पेट्या जुगार ठरवल्या. आपल्याकडे २०२५ साली पैसे लावून पैसे मिळवण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. ठीकच झाले. पण ज्या खेळात पैसे मिळण्याची आशाच नाही, ते फक्त जातात, त्याला काय म्हणावे?

यंदा भाच्याने फटाके नकोत म्हणून सांगितले. मी खूश झालो. मग म्हणाला, “मामा, त्याऐवजी नव्या संचाची पन्नास पाकिटे द्या.” एका संचात वीसहून अधिक लेजंडरी, पन्नास पाकिटांत निघणार सरासरीने दोन-तीन. मी विचारले, “तुला हवा तो पत्ता त्यांत येईल का रे?”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “यायला हवा.”

हे दोन शब्द मी पूर्वी ऐकले आहेत, पण मटक्याच्या अड्ड्याबाहेर. चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून नव्हे. मी त्याला अजून होय-नाही सांगितलेले नाही. भाऊबीजेला बहिणीकडे जाताना खिशात साध्या पत्त्यांचा एक कॅट नेणार आहे. झब्बूत तो मला हरवतो.