मातीला विचारलेला प्रश्न

वसईतल्या निर्मळच्या तळ्यापासून वाड्यांकडे वळणाऱ्या वाटेवर, जेथे केळीची आळी आणि पानवेलीचे मांडव इमारतींच्या रेट्यापुढे अद्याप तग धरून आहेत, तेथे गेल्या उन्हाळ्यात एका सायंकाळी पाहिलेला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. शेजारची दहावीतली मुलगी बांधावर लॅपटॉप घेऊन बसली होती. त्याला केबलने जोडलेली बोटाएवढी हिरवी पट्टी आणि त्या पट्टीच्या तारांना लावलेला, आळ्यातल्या मातीत रोवलेला, ओलावा मोजणारा सेन्सर, एवढाच काय तो सरंजाम. पडद्यावर तीन कोनी चिन्हे उमटून थांबली; तिने एका ओळीत ओलावा विचारला, आणि लागलीच खालच्या ओळीत आकडा आला. मग तांब्याभर पाणी ओतून तिने तोच प्रश्न पुन्हा धाडला, तर आकडा वाढण्याऐवजी खाली उतरला. ती चपापली, सेन्सर उपटून पुसला, कोरड्या हवेत धरून विचारले, तर आकडा चढला. आणि ओल वाढली की या सेन्सरचा विद्युतदाब, म्हणजेच पडद्यावरचा आकडा, कमी होतो, हा नियम कोणी न सांगता तिच्या हाती आला. तिचे आजोबा पाठीमागे उभे होते. ते म्हणाले, "बाय, आता त्या कडेच्या आळ्याचं विचार बघू."

त्या पट्टीचे नाव रास्पबेरी पाय पिको. २०२१ च्या जानेवारीत ती ४ डॉलरला बाजारात आली. लांबी ५१ मिलिमीटर, कामचलाऊ स्मृती अवघी २६४ किलोबाइट. तिच्यात मायक्रोपायथन नावाचा दुभाषी वसतीला आणता येतो. डेमियन जॉर्ज या शास्त्रज्ञाने २०१३ मध्ये लोकवर्गणी उभारून तो सिद्ध केला, आणि पायथन भाषेचा हा संक्षिप्त अवतार १६ किलोबाइट कामचलाऊ स्मृतीतही संसार थाटू शकतो. आपण लिहिलेली ओळ तो तेथल्या तेथे वाचतो, तिचा अर्थ लावून चिपकडून काम करवून घेतो आणि उत्तर समक्ष रुजू करतो.

शाळांतून रूढ असलेली रीत निराळी आहे. आर्डुइनो नावाच्या इलेक्ट्रॉनिक पाटीसाठी सबंध प्रोग्रॅम आधी लिहावयाचा, संगणकाकडून त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करवून घ्यावयाचे, मग तो पाटीवर रवाना करावयाचा आणि परिणामाची वाट पाहावयाची. एक आकडा बदलला तरी हा सारा शिरस्ता पुन्हा पहिल्यापासून. वसईच्या मोहिमेतून पुण्याकडे जासूद धाडावा आणि जबाबाची वाट पाहत बसावे, तशातला हा प्रकार. अनुभवी कारागिराला तो जाचत नाही, कारण काय विचारावयाचे हे त्याला आधीच ठाऊक असते. नवशिक्या मुलाचा मात्र प्रश्नच अजून जन्माला यावयाचा असतो, आणि तो उत्तरांच्या सहवासातच जन्मतो.

यंत्राशी असा समक्ष सवालजबाब करण्याची कल्पना नवी नाही. १९६४ मध्ये डार्टमथ येथे केमेनी आणि कर्ट्झ या दोघा अध्यापकांनी बेसिक भाषा निर्माण केली, ती शास्त्रशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यालाही यंत्राशी बोलता यावे म्हणून. आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा उपक्रम सुरू केला, तेव्हा बीबीसी मायक्रो संगणक आले. बटण दाबताच बेसिकचा दुभाषी हजर होत असे. पुढे संगणकशिक्षण म्हणजे पत्रे टंकणे आणि तक्ते भरणे, अशी समजूत दृढ झाली. त्या समजुतीने आपले फार नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१६ पासून देशातल्या शाळांत दहा हजारांहून अधिक अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना मंजुरी मिळाली, प्रत्येकीस २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजारांची घोषणा झाली. इतका खजिना खर्ची पडत असताना मुलाचा यंत्राशी पहिला परिचय कोणत्या रीतीने व्हावा, हा प्रश्न गौण मानता येणार नाही. दुभाष्याची चाल यंत्रभाषेतल्या प्रोग्रॅमपेक्षा मंद असते, स्मृतीचा काही भाग तो स्वतःसाठी अडवतो, आणि जेथे क्षणाच्या लक्षांशाचा हिशेब असतो तेथे तो उपयोगी नाही, हे मला मान्य आहे. केळीचे आळे मात्र तितकी घाई करीत नाही.

शिवाय आमच्या किनाऱ्यावर विहिरींत खारे पाणी शिरते, बावखले, म्हणजे वाड्यांतली छोटी तळी, बुजवली जातात, आणि मातीत क्षार असला की सेन्सरचे आकडेही बदलतात; म्हणून पुस्तकातला आकडा येथे कामास येत नाही. कोरडी माती किती दाखवते, भिजलेली किती, हे ज्याने त्याने आपल्याच वाडीत, आळ्यागणिक, पुन्हा पुन्हा विचारून ठरवावे लागते. अशा कामाला समक्ष सवालजबाबासारखे दुसरे साधन नाही. भाषेची अडचणही दुर्लंघ्य नव्हे; मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पायथनचे पाठ मराठीत विनामूल्य उपलब्ध केले आहेत.

वसई तालुक्यातील आणि जिल्ह्यातील मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, की येत्या जूनमध्ये प्रयोगशाळेचे कुलूप उघडाल तेव्हा पहिल्या तासाला तयार प्रोग्रॅम फळ्यावर उतरवून देऊ नका. मुलांच्या हाती एक पट्टी, एक सेन्सर आणि शाळेच्या आवारातली कुंडीभर माती द्या, आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.