दोन गुरुवारांमधले कोल्हापूर

राजारामपुरीतल्या गल्ल्यांना जुन्या पेठांसारखी भारदस्त नावे नाहीत, नुसते क्रमांक आहेत. परंतु मते बाळगण्याच्या बाबतीत ही वस्ती शिवाजी पेठेला किंवा मंगळवार पेठेला हार जाणारी नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या गुरुवारी दुपारी येथल्या चहाच्या टपऱ्यांवर जे जाणकार जमले होते, त्यांतल्या बहुतेकांना आदल्या दिवसापर्यंत ‘थ्री पोझिशन’ हा नेमबाजीचा प्रकार आहे की कर्जफेडीचा, हे छातीठोकपणे सांगता आले नसते. तेवढ्यात पॅरिसहून वार्ता आली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफलच्या या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. मग काय विचारता! गुडघ्यावर बसून, पोटावर पालथे पडून आणि उभे राहून नेम कसा धरावा, यावर तासाभरात गल्लोगल्ली प्रवचने झडू लागली. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या शहराला हे शास्त्र उपजतच अवगत असते, असा एकंदर आविर्भाव होता.

त्यानंतरच्या गुरुवारी, ८ ऑगस्टच्या रात्री, हेच शहर रडत होते. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळत होते, आणि लागूनच असलेल्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही आगीची झळ बसली होती. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

या दोन गुरुवारांमधला आठवडा क्रीडा आणि करमणूक या दोन्ही खात्यांत मोठा उलाढालीचा गेला. त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पुढारी अभिनंदनाच्या आणि शोकाच्या फलकांत गुंतले होते. आणि समाजवादी कार्यकर्ता? तो नेहमीप्रमाणे या असल्या ‘हलक्या’ विषयांकडे पाठ फिरवून गंभीर चेहऱ्याने बसला होता. त्याच्या या गांभीर्याचा समाचार पुढे घेऊच. आधी हिशेब.

पदक जाहीर झाले त्याच दिवशी राज्य शासनाने स्वप्नीलला एक कोटी रुपये जाहीर केले. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा तरुण पदकानंतर विशेष कर्तव्य अधिकारी झाला. आनंद आहे. परंतु पदकाच्या आधीच्या खात्यात काय दिसते? शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने या मुलाला घडवण्यास हातभार लावला, हे नाकारण्याचे कारण नाही. उलट सार्वजनिक पैसा योग्य वयात योग्य जागी पडला की काय होते, याचा तो दाखलाच आहे. पण नेमबाजीची काडतुसे महाग असतात, आणि त्यांच्यासाठी शिक्षक असलेल्या वडिलांना कर्ज काढावे लागल्याची हकीकत त्याच दिवसांत वृत्तपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापली. कौतुकाने! ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी तिचे कौतुक करण्याची कला मराठी वृत्तपत्रांनी परमोच्च अवस्थेला नेली आहे.

याच भूमीतले याआधीचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक आठवावे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांवर. ७२ वर्षांत देशाने पंचवार्षिक योजना पाहिल्या, उदारीकरण पाहिले, महासत्तेची स्वप्ने पाहिली. आणि प्रगती कोणती झाली? १९५२ मध्ये कर्जाचा बोजा प्राचार्यांच्या घरावर होता, पुढे तो बापाच्या पगारावर आला. पतपुरवठ्याची सोय सुधारली, एवढे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मान्य करावेच लागेल.

बक्षीस आणि तरतूद या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरतूद आधी करावी लागते आणि ती शंभर मुलांसाठी करावी लागते, ज्यांतली नव्याण्णव कोणाला ठाऊकही होणार नसतात. बक्षीस नंतर देता येते, एकालाच देता येते, आणि ते देताना छायाचित्र काढता येते. जोखीम सगळी कुटुंबाची. यशाचा वाटा मात्र सर्वांचा. खासगी कारखानदार तोटा समाजाच्या गळ्यात मारतो आणि नफा खिशात घालतो, अशी टीका समाजवादी मंडळी आयुष्यभर करीत आली. क्रीडाक्षेत्रात सरकारनेच हा धंदा चालवला आहे, फक्त तोटा गरिबाच्या घरी ठेवून नफ्याचे फोटो मंत्रालयात लावले जातात.

बक्षिसातही पंक्तिप्रपंच आहेच. पॅरिसच्या आधी महिनाभर, २९ जून २०२४ रोजी, भारतीय क्रिकेट संघाने बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. क्रिकेट नियामक मंडळाने संघाला १२५ कोटी रुपये दिले. हे मंडळाचे पैसे. त्याने ते उधळावेत किंवा पुरून ठेवावेत. परंतु महाराष्ट्र शासनाने त्यावर आणखी ११ कोटींची दक्षिणा जाहीर केली ती कोणत्या न्यायाने? ज्याचे ताट वाहते आहे त्याला आग्रह, आणि ज्याने घरून शिदोरी बांधून आणली त्याला एक लाडू. ऑक्टोबरमध्ये स्वप्नीलच्या वडिलांनी महाराष्ट्राच्या दोन कोटींची हरियाणाच्या पाच कोटींशी तुलना करून नाराजी व्यक्त केली, तेव्हा काही सभ्य गृहस्थांनी नाके मुरडली. ११ कोटींच्या वेळी ही नाके कोठे होती?

गंमत म्हणून एक गणित करून पाहण्यासारखे आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ४१० सामने धरले तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी, आणि सामन्यातल्या २४० चेंडूंत वाटले तर एका चेंडूला ४९ लाख. म्हणजे १ ऑगस्ट रोजी शासनाने ऑलिंपिक पदकाची जी किंमत ठरवली, ती दोन चेंडूंची आहे. तिसरा टाकेपर्यंत ती संपते.

आठवड्याच्या मध्यावर विनेश फोगटने जगाला आणि राजारामपुरीतल्या किराणा दुकानांनाही शंभर ग्रॅम म्हणजे काय ते शिकवले. मंगळवारी तिने जपानच्या युई सुसाकीला चीत केले, बुधवारी ५० किलोच्या वर शंभर ग्रॅम भरल्याने ती अंतिम लढतीतून बाद झाली, आणि गुरुवारी तिने निवृत्ती जाहीर केली. कुस्तीची पंढरी म्हणवणारे शहर हळहळले. पण हीच विनेश २०२३ मध्ये जंतरमंतरवर लैंगिक छळाच्या तक्रारींची दाद मागत बसली होती, आणि २८ मे रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या मुहूर्तावर पोलिसांनी तिला फरपटत नेले होते. शंभर ग्रॅमची हळहळ सोपी असते. तिच्यासाठी कोणाशी वैर घ्यावे लागत नाही.

करमणुकीच्या आघाडीवर त्याच सुमारास ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा हंगाम सुरू झाला होता. यंत्रमागांच्या इचलकरंजीचे धनंजय पोवार त्यात असल्याने जिल्ह्याची अस्मिता जागी होणे भागच होते. हा कार्यक्रम अर्थशास्त्राच्या वर्गात अवश्य दाखवावा. एका बंद घरात धडधाकट माणसे ठेवतात, त्यांच्याकडून कोणतेही उपयुक्त उत्पादन होणार नाही याची दक्षता घेतात, आणि मग त्यांची भांडणे वस्तू म्हणून विकतात. श्रमाविना मूल्य निर्माण होत नाही, ही समजूत आता सुधारून घ्यावी लागेल. अर्थात त्यात भाग घेणाऱ्या पोरांना दोष देण्यात हशील नाही. यंत्रमाग चालवण्यापेक्षा भांडण्याचे दाम जास्त मिळत असेल, तर प्रश्न दाम ठरवणाऱ्याला विचारावा.

ज्या केशवराव भोसल्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले, त्यांनी १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन सर्वांत लोकप्रिय नट एकत्र आले आणि गल्ला राष्ट्रकार्याला गेला. त्या काळी हीदेखील ‘करमणूक’च होती. आणि खासबाग? शाहू महाराजांनी १९१२ मध्ये पूर्ण केलेले ते मैदान वाटीसारखे खोलगट आहे. कोपऱ्यात मातीवर बसलेल्या हमालालाही मधल्या आखाड्यातला डाव दिसावा, अशी त्याची बांधणी. राजासाठी व्यासपीठ वेगळे होते, हे खरे. लोकशाहीत व्यासपीठे वाढली आणि माती आकसली, हेही खरे. संस्थानी राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, पण नाटक व कुस्ती या प्रजेच्या गरजा आहेत आणि त्यांची जागा राज्याने बांधायची असते, इतके त्या राजाला कळले होते.

नाट्यगृह महापालिकेचे. ते जळाले तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता! नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. विजेच्या तारा कोणी तपासल्या, अग्निशमनाची सिद्धता कितपत होती, हे सभागृहात उभे राहून विचारण्याचा अधिकार असलेला माणूसच शहरात नव्हता. आगीनंतर कोटींच्या घोषणा झाल्या. आगीआधी एका लोकप्रतिनिधीचा साधा प्रश्नही परवडला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत जयप्रभा स्टुडिओच्या विक्रीची बातमी फुटली, तेव्हाही कलावंत-तंत्रज्ञ रस्त्यावर बसले ते व्यवहार होऊन गेल्यावर. या शहराला आपल्या ठेव्याची आठवण तो हातचा जाताना येते.

आता कार्यकर्त्याच्या गांभीर्याविषयी. क्रिकेट म्हणजे अफू, सिनेमा म्हणजे चंगळ, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आठवावे. निळू फुले तेथून आले, दादा कोंडके तेथून आले. लोक जेथे हसतात तेथे हजर असले पाहिजे, हे त्या पिढीला उमगले होते. पुढे कार्यकर्ते परिसंवादांत रमले, आणि तालमीबाहेरचा फलक, गणपतीचा मांडव व फुटबॉलचा चषक या तिन्ही जागा ज्याच्याजवळ पैसा त्याच्याकडे गेल्या. मेस्सी-नेमारचे भव्य फलक लावणाऱ्या पोरांना हसणे सोपे आहे. त्यांना सराव करायला मैदान का मिळत नाही, यासाठी मोर्चा कधी निघाला?

राज्यकर्त्यांना मात्र खेळाचे महत्त्व पुरेपूर कळते. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. आपण तो खेळ बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. त्यावर सरकारने शिक्षा केली ती अशी, की ३१ जुलैला त्यांच्याकडून कृषिखाते काढून क्रीडाखाते दिले. स्वप्नीलच्या पदकाला वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस उरला होता. ते खातेही पुढे त्यांच्याकडे राहिले नाही, ही गोष्ट निराळी.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक एकदाची झाली. राजारामपुरीतल्या कार्यकर्त्याला आता दार ठोठावायला नगरसेवक आहे. पुन्हा उभ्या राहणाऱ्या नाट्यगृहाचे एका प्रयोगाचे भाडे किती असेल, आणि ते हौशी संस्थेला परवडेल की फक्त जाहिरातदाराला, हे त्याने पहिल्या भेटीत विचारावे. शाळांच्या मैदानांवर किती वाहने उभी राहतात, हे दुसऱ्या भेटीत विचारावे. दुसऱ्या भेटीला जाताना मोजणी स्वतः करून न्यावी. तेथे आकडा तयार नसेल.