तक्ता आधी की अर्थ आधी?

स्पॅनिश शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची ‘सेर’ या क्रियापदाशी फार लवकर गाठ पडते. अर्थ अगदी साधा, ‘असणे’. पण रूपे पाहिली की छाती दडपते. मी आहे म्हणजे ‘सोय’, तू आहेस म्हणजे ‘एरेस’, तो आहे म्हणजे ‘एस’, ते आहेत म्हणजे ‘सोन’. आणि भूतकाळात एकदम ‘फुए’! मग तक्ता वहीत उतरवायचा, घोकायचा आणि परीक्षेत गाळलेल्या जागा भरायच्या. ही रीत उलटी आहे, असे माझे मत आहे.

मुळात हा तक्ता लहरीने बनलेला नाही. स्पॅनिश ही लॅटिनची कन्या, आणि लॅटिन व संस्कृत एकाच भाषाकुलातल्या. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले आहे त्यांनी ‘एस’शेजारी ‘अस्ति’ आणि ‘सोन’शेजारी ‘सन्ति’ ठेवून पाहावे. ‘फुए’चे नाते ‘भू’ धातूशी आहे. खुद्द ‘सेर’ हे रूप ‘बसणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘सेदेरे’पासून आले असे कोशकार सांगतात, त्याचा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे ‘सद्’. तीन धातूंनी मिळून एकच संसार थाटला आहे म्हणा ना!

असे संसार आपल्याकडेही आहेत. काही प्रत्ययांपूर्वी ‘अस्’च्या जागी ‘भू’ येतो, असे सूत्रच पाणिनीने घातले आहे. मराठीत ‘आहे’चा भूतकाळ ‘होता’ आणि ‘जातो’चा ‘गेला’. हे आपण कोणत्या तक्त्यावरून पाठ केले? लहान मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते, घरातली मंडळी हसतात, आणि ऐकता ऐकता ते रूप आपोआप सुधारते.

हे अपवाद टिकतात तरी का? जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढणारा एक अभ्यास २००७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९८ आजही अनियमित आहेत. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असे त्यात दिसून आले. म्हणजे जे सतत तोंडात असते तेच वाकडे राहू शकते. मग ते शिकवायचेही तोंडात घोळवूनच, नाही का?

शिवाय तक्ता अर्थ सांगत नाही. ‘फुए मेदिको’ म्हणजे तो डॉक्टर होता. ‘फुए आ माद्रिद’ म्हणजे तो माद्रिदला गेला. ‘असणे’ आणि ‘जाणे’ या दोन क्रियापदांचे भूतकाळाचे हे रूप एकच! ‘असणे’साठी पुन्हा ‘एस्तार’ हे दुसरे क्रियापद आहेच. त्याचे मूळ ‘स्था’च्या गोत्रातले. ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळला आहे, पण ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो माणूसच कंटाळवाणा आहे. गुरुजींविषयी बोलताना हा फरक माहीत असलेला बरा.

तक्ता नसेल तर गोंधळ होईल, असे शिक्षक म्हणतील. तक्ता हवाच, पण महिनाभर वाक्ये बोलून, ऐकून झाल्यावर मुलांनी तो स्वतः भरावा. आणि परीक्षेत गाळलेल्या जागांऐवजी ‘फुए’ची दोन वाक्ये देऊन त्यांचे अर्थ विचारावेत.