अक्षर उडाले तर पुरावा कोणाचा?

कायदा तीस वर्षांच्या कागदाला मान देतो. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ९० मध्ये ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये ती कायम आहे. तीस वर्षे जुना दस्त योग्य ताब्यातून कोर्टापुढे आला, तर त्यावरील सही आणि साक्षीदारांच्या सह्या खऱ्या आहेत असे न्यायालय गृहीत धरू शकते. (मृत्युपत्राला ही सवलत नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.) यामागचा विचार साधा आहे. तीस वर्षांनी सही करणारा हयात नसतो, साक्षीदार हयात नसतात, उरतो फक्त कागद. पण त्या कागदावरचे अक्षरच हयात नसेल तर?

हा प्रश्न आम्ही हौस म्हणून विचारत नाही. पाटण काय, कराड काय, शिराळा काय, तहसील कचेरीच्या आसपास टायपिंगची आणि ई-सेवेची जी दुकाने असतात, तिथे आपला माणूस वाटणीपत्र, साठेखत, प्रतिज्ञापत्र करून घेतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशे रुपयांचा मुद्रांक आला. तो निमूटपणे घेतो, वकिलाची फी देतो, नोटरीची देतो. आणि या सगळ्या खर्चावर अक्षर उमटते ते दुकानदाराने रिफिल केलेल्या कार्ट्रिजमधील दोन-चार थेंब शाईने! ती शाई कसली, हे दुकानदाराला ठाऊक नसते आणि गिऱ्हाईक विचारत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अशा कागदांवर तपकिरी पडलेली, पावसाळ्यात पसरलेली अक्षरे आमच्या टेबलावर वारंवार येतात.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. काळ्या शाईचे छोटे मूळ कार्ट्रिज हजार रुपयांच्या आसपास जाते आणि काहीशे पानांत संपते. रिफिल दीड-दोनशेत होते. पानामागे पाच-दहा रुपये कमावणारा पोरगा दुसरे काय करणार? कंपन्यांनी प्रिंटर स्वस्त विकायचा आणि शाईत वसूल करायचे हा धंदा कधीच उघडा पडलेला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी एके दिवशी बाहेरची कार्ट्रिजेस अचानक नाकारली, तेव्हा जगभर ओरड झाली. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्या खटल्यात निकाल दिला, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. म्हणजे पेटंटचा धाक दाखवून रिफिल रोखता येत नाही. आम्हाला हा निकाल मान्य आहे. विकत घेतलेल्या वस्तूचा मालक घेणाराच.

पण हक्क वेगळा आणि टिकाऊपणा वेगळा. प्रिंटरची शाई दोन जातींची असते (या जाती तरी विज्ञानाने पाडलेल्या आहेत). एकीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो; तिला डाय म्हणतात. दुसरीत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, ती पिगमेंट. डायचा रेणू सुटा असतो. ऊन, हवेतला ओझोन आणि दमट हवा त्याला लवकर गाठतात. पिगमेंटचा कण त्या मानाने मोठा. वरचा थर गेला तरी आतला रंग राहतो, आणि पाणी पडले तरी तो वाहून जात नाही. काळ्या पिगमेंटमध्ये तर मूळ द्रव्य काजळीचेच असते.

कित्येक प्रिंटरांच्या मूळ काळ्या कार्ट्रिजमध्ये कंपनी पिगमेंट शाई भरते, कारण काळ्यात मजकूर छापायचा असतो. ते कार्ट्रिज संपले की रिफिलवाला त्यात ‘सगळ्या प्रिंटरला चालणारी’ शाई भरतो, आणि ती बहुधा डाय असते. प्रिंटर तोच आणि पहिल्या दिवशी अक्षरही तितकेच काळेभोर. बदलले ते फक्त त्या अक्षराचे आयुष्य, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मूळ शाई म्हणजे अमरपट्टा असेही कोणी समजू नये. २००० साली एप्सनचा स्टायलस फोटो ८७० हा प्रिंटर फोटो दहा वर्षे टिकतील असे सांगून विकला गेला आणि काही गिऱ्हाइकांचे फोटो आठवड्या-महिन्यांत नारिंगी पडले. शाई कंपनीची आणि कागदही कंपनीचा होता. हवेतल्या ओझोनने निळसर रंग खाल्ला, लाल-पिवळे तेवढे उरले. विहारात टांगलेल्या छापील तसबिरीत बाबासाहेबांचा निळा कोट तांबूस झालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेने या विषयावर वर्षानुवर्षे चाचण्या केल्या. काही बाहेरच्या शायांचे फोटो वर्ष-दोन वर्षांत फिके पडावेत आणि कंपनीच्या शाईचे, कंपनीच्याच कागदावरचे फोटो कित्येक दशके टिकावेत, असे अंदाज त्यांतून निघाले. वकील म्हणून आम्ही दोन गोष्टी विचारतो. साक्षीदार कोणाच्या खर्चाने आला? यांतल्या काही चाचण्यांचा खर्च प्रिंटर कंपन्यांनीच केला होता. आणि साक्ष कोणत्या परिस्थितीबद्दल आहे? चोवीस अंश तापमान, साठ टक्के आर्द्रता आणि काचेमागचा फोटो, असा तो हिशेब असतो. कोयनानगर-नवजाकडे एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथल्या कौलारू घरात लोखंडी पेटीत ठेवलेल्या कागदाला ती साठ टक्के आर्द्रता कुठून मिळणार? तरीही दोन शायांतले अंतर खोटे ठरत नाही. आमचे मत विचाराल तर खरा सवाल मूळ की रिफिल हा नसून डाय की पिगमेंट हा आहे. चांगली पिगमेंट शाई बाहेरचीही मिळू शकते. कंपनीची डाय शाई साध्या झेरॉक्स कागदावर फार भरवशाची नाही.

आता हे ओझे कोणावर पडते ते पाहा. जातीच्या प्रमाणपत्रांबाबतच्या २००० च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. अनुसूचित जातीच्या माणसाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. कोयना धरणात ज्यांची गावे गेली, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात ज्यांची घरे पडली, त्यांनी हे कागद आणायचे कुठून? तरी ते सापडतात. शाळेचे जनरल रजिस्टर सापडते, कोतवाल बुकातली जन्माची नोंद सापडते. कारण त्या काळचा मास्तर किंवा तलाठी लोहयुक्त शाईने लिहीत होता. हिराकस आणि हिरडा-माजूफळातले टॅनिन यांची ती शाई कागदात मुरून काळी पडते आणि तशीच राहते. त्याआधीची मोडी काजळीच्या शाईत बोरूने लिहिलेली, टाइपरायटरची काळी फीतही काजळीचीच, आणि खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पत्रकांची शाई म्हणजे काजळी आणि जवसाचे तेल. शिक्षण नाकारलेल्या आमच्या आजोबांची नोंद दुसऱ्याने लिहिली, पण ती टिकली. आता नातू स्वतः शिकलेला आहे, स्वतःचा अर्ज स्वतः टाइप करतो, आणि त्याच्या कागदाची हमी मात्र कोणी देत नाही.

कोणी म्हणेल, आता सगळे ऑनलाइन आहे. काही अंशी खरे आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा निघतो, तो पुन्हा काढता येतो. नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते. पण भावाभावांतले नोंदणी न केलेले वाटणीपत्र, सावकाराला पैसे परत केल्याची लिहून घेतलेली पावती, विहाराच्या विश्वस्तांच्या सभेचा ठराव यांची दुसरी प्रत सरकारकडे नसते.

इथे कायद्याने एक चमत्कारिक पेच केला आहे. झेरॉक्स निघते टोनरने, म्हणजे प्लास्टिकच्या भुकटीत मिसळलेली काजळी उष्णतेने कागदावर चिकटवून. ती सहसा विटत नाही. म्हणजे मूळ दस्त रिफिलच्या डायमध्ये छापलेला असेल तर त्याची झेरॉक्सच त्याच्यापेक्षा जास्त जगेल! पण न्यायालयात झेरॉक्स हा दुय्यम पुरावा. मूळ का नाही याचे कारण आधी सिद्ध करावे लागते. मूळ हरवले किंवा नष्ट झाले तर वाट आहे. मूळ समोर आहे, कागद धडधाकट आहे, फक्त वाचता येत नाही, अशा वेळी ते ‘नष्ट’ झाले की नाही यावर विरुद्ध बाजूचा वकील किती तारखा खाईल, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

कागदावरील लेखन व छपाई किती टिकावी याचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ११७९८, १९९९ पासून अस्तित्वात आहे. जे शासन आमच्याकडे पिढ्यांचे पुरावे मागते, त्याने ई-सेवा केंद्रांना परवाना देताना प्रमाणपत्रे व प्रतिज्ञापत्रे टोनर किंवा पिगमेंट शाईतच छापावीत अशी अट घालायला काय हरकत आहे? पाटणच्या कार्यकर्त्यांनी या मागणीचे निवेदन तहसीलदारांना जरूर द्यावे.

तोवर दुकानात गेल्यावर एवढे करावे. मुद्रांकावरील मजकूर लेझर प्रिंटरवर काढून घ्यावा आणि बोटाने घासून पाहावा; रिफिलच्या हलक्या टोनरची भुकटी नीट चिकटली नसेल तर हाताला लागते. लेझर नसेल तर आधी कोऱ्या कागदावर एक ओळ छापायला सांगावी, वाळू द्यावी आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडावा. शाई पसरली तर त्या प्रिंटरवर पाचशेचा मुद्रांक चढवू नये. टोनरचा कागद मऊ पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नये, अक्षरे पिशवीला चिकटून निघतात. सही झाल्या दिवशीच दोन झेरॉक्स काढून नोटरीकडून साक्षांकित करून घ्याव्यात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी.