फ्यूजची शिफारस कोण करणार?

नत्राची मात्रा आपण हेक्टरी किलोग्रॅममध्ये सांगतो, कीटकनाशकाची मात्रा पाण्याच्या प्रमाणात सांगतो, ड्रिपरचा प्रवाह ताशी लिटरमध्ये सांगतो. ही सारी शेती ज्या विद्युत पंपाच्या भरवशावर उभी असते, त्याच्या स्टार्टरशेजारच्या किटकॅटमध्ये कोणती तार घालावी, याची शिफारस मात्र विस्तार यंत्रणेतील क्वचितच कोणी करतो. हा विषय वीज कंपनीचा, वायरमनचा, असे म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. माझ्या मते ही भूमिका आता बदलायला हवी. मोटारीची शिफारस करणाऱ्याने फ्यूजचीही शिफारस केली पाहिजे.

फ्यूज म्हणजे मंडलात हेतुपुरस्सर ठेवलेली सर्वांत कमकुवत जागा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की केबल, मोटार आणि माणसाचे घरदार यांच्याआधी तिने वितळावे, एवढेच तिचे काम. म्हणूनच फ्यूज उडणे हा बिघाड नव्हे, ती बिघाडाची वर्दी आहे. वारंवार उडणाऱ्या फ्यूजला कंटाळून जाड तार बांधणे म्हणजे पिकावरील रोगाची लक्षणे दिसू नयेत म्हणून पाने खुडून टाकण्यासारखे आहे. लक्षण जाते, रोग राहतो.

हा जाडपणा किती फसवा असतो, हे आकड्यांवरून कळते. कल्हई केलेल्या तांब्याची ०.५० मिलिमीटर व्यासाची तार १५ अँपिअरसाठी, ०.६० मिलिमीटरची २० अँपिअरसाठी आणि ०.८५ मिलिमीटरची ३० अँपिअरसाठी वापरली जाते. पहिल्या आणि शेवटच्या तारेतील फरक अवघा ०.३५ मिलिमीटर, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा. पण तेवढ्याने फ्यूजची मर्यादा दुप्पट होते. शिवाय उघड्या तारेचा फ्यूज त्याच्या अंकित क्षमतेवर वितळत नाही, साधारणपणे तिच्या दुप्पट प्रवाहावर वितळतो. मग वाहिनीच्या तुटक्या तारेतील अ‍ॅल्युमिनियमचा एक पदर किटकॅटमध्ये गुंडाळला जातो, तेव्हा काय होत असेल? असा २.५ मिलिमीटरच्या आसपासचा पदर शंभर अँपिअरच्या कितीतरी पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. तोवर केबलचे आवरण जळून गेलेले असते. सर्वांत कमकुवत जागा आता फ्यूजची राहिलेली नसते, ती केबलची झालेली असते.

योग्य फ्यूज निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, प्रवाह. पाच अश्वशक्तीची त्रिकला मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण ७.५ अँपिअर घेते, परंतु थेट सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या घरात जाते. त्यामुळे फ्यूज पूर्णभार प्रवाहाच्या साधारण दोन ते तीन पट निवडतात. नेमका आकडा स्टार्टरच्या उत्पादकाने दिलेल्या तक्त्यातून घ्यावा आणि तो केबलच्या क्षमतेशी जुळतो ना, हे पाहावे. दुसरी गोष्ट, व्होल्टता. घरगुती २४० व्होल्टचा फ्यूज पंपाच्या ४१५ व्होल्टच्या मंडलात चालत नाही. तिसरी, भंजनक्षमता, म्हणजे शॉर्टसर्किटचा प्रचंड प्रवाह न फुटता तोडण्याची ताकद. येथे सिरॅमिकच्या नळीत वाळू भरलेला एचआरसी फ्यूज उघड्या तारेपेक्षा कितीतरी सरस ठरतो. मात्र उडालेल्या एचआरसी फ्यूजवर बाहेरून तार गुंडाळली की तो केवळ शोभेचा उरतो. तीनपैकी एक उडाल्यास तिन्ही बदलणे श्रेयस्कर, कारण उरलेल्या दोघांनीही तोच ताण सोसलेला असतो.

फ्यूजच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. अतिभारापासून मोटारीला वाचवणे हे ओव्हरलोड रिलेचे काम आहे. तो मोटारीच्या पाटीवरील प्रवाहाला लावलेला असावा. एक फेज गेल्यास मोटार थांबवणे हे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचे काम आहे. स्टार्टर ‘डायरेक्ट’ करून ही दोन्ही उपकरणे वगळली, तर अचूक निवडलेला फ्यूजही मोटार वाचवू शकत नाही.

माणसाच्या जिवाचा प्रश्न याहून गंभीर आहे. शरीरातून गेलेला काही मिलिअँपिअरचा प्रवाहही घातक ठरू शकतो, आणि फ्यूज तर अँपिअरच्या भाषेत बोलतो. समजा, मोटारीच्या धातूच्या आवरणात वीज उतरली आणि विहिरीवरील अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. २४० भागिले २०, म्हणजे केवळ १२ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १५ अँपिअरचा फ्यूज शांत राहील, आणि मोटार व लोखंडी पाइप ‘जिवंत’ राहतील. म्हणून चांगले अर्थिंग आणि गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण यांच्यावाचून फ्यूजची शिफारस अपुरी आहे.

सौर पंपांमुळे या विषयाला नवी निकड आली आहे. पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून देशभर शेतात सौर पंप उभे राहत आहेत. पॅनेलकडून येणारी वीज एकदिश असते. आपल्या नेहमीच्या प्रत्यावर्ती विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे फ्यूज वितळताना उठणारी ठिणगी विझायला मदत होते. एकदिश प्रवाहाला असा विसावा नाही. ठिणगी धगधगत राहू शकते. तेथे त्या व्होल्टतेचा, सौर मंडलासाठीच बनवलेला फ्यूज हवा. दुकानात मिळाला तो साधा फ्यूज किंवा तारेचा तुकडा तेथे आगीला निमंत्रण देतो.

‘रात्री मोजके तास वीज येते, पीक तहानलेले असते, बाजार दूर असतो, अशा वेळी शेतकरी हाताला लागेल ती तार बांधणारच’, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर उपदेशात नाही. जाड तार बांधणारा शेतकरी अडाणी नसतो. योग्य तार त्या क्षणी त्याच्या हाताशी नसते, इतकेच. म्हणून उपाय आधीच्या तयारीत आहे. स्टार्टरच्या झाकणाच्या आतील बाजूस मोटारीची अश्वशक्ती, पूर्णभार प्रवाह, रिलेचे सेटिंग आणि फ्यूजची क्षमता ठळक अक्षरांत लिहावी. त्याच क्षमतेचे फ्यूज किंवा तारेची गुंडाळी पेटीजवळ कोरड्या डब्यात ठेवावी. मुख्य स्विच बंद करून, पुरवठा खरोखर थांबल्याची खात्री करूनच फ्यूज बदलावा. दुसऱ्यांदा उडाल्यास तिसरा न घालता कारण शोधावे. आणि डीपीवरील फ्यूजला शेतकऱ्याने हात लावू नये. ते काम लाइनमनचेच आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी यात फारसे नवे ओझे नाही. ठिबक संचाची पाहणी करताना, कडबाकुट्टीचे प्रात्यक्षिक दाखवताना किटकॅट आणि अर्थिंगकडे नजर टाकायला पाच मिनिटे पुरतात. कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणात खतांच्या तक्त्याशेजारी मोटार, केबल आणि फ्यूज यांचा तक्ताही लावता येईल. पिकाला मात्रा चुकली तर एक हंगाम जातो. फ्यूजची मात्रा चुकली तर हंगाम घेणारा माणूसच जाऊ शकतो.