दार अडकू लागले तर उताराकडे पाहा

पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीतून नारायण पेठेत धुणीभांडी करायला येणाऱ्या एक मावशी आमच्या रविवारच्या बैठकीला नेमाने येतात. रक्तदाब मोजून घेतात, दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलतात. मागच्या पावसाळ्यात त्या म्हणाल्या, "सिस्टर, घराच्या दारानं जीव खाल्लाय. दोनदा सुताराकडनं तासून घेतलं, तरी लागत नाही." आम्ही विचारले, फरशीला कुठे चीर आहे का? "हाय की. मोरीपासून पलंगापर्यंत. बोट जातंय."

लाकूड फुगल्याने दार अडकते, तशी ही गोष्ट नव्हती. चौकटच तिरकी झाली होती, कारण घराखालची जमीन हळूहळू सरकत होती.

दरड म्हटले की आपल्याला माळीण, तळीये, इर्शाळवाडी आठवते. दूरची, डोंगरातली गावे. पण जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात टेकडी घरांवर आली आणि सत्तरच्या आसपास माणसे गेली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे माहुलच्या भारत नगरात भिंत आणि दरड कोसळून १९ जण गेले. आपल्या पुण्यात २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ जीव गेले. सगळे झोपेत. वर्तमानपत्रात याला 'निसर्गाचा कोप' म्हणतात. निसर्गाला फक्त झोपडीच कशी सापडते, हे मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही नर्सिंग शिकलेल्या बाया, इंजिनियर नाही. पण गळू आम्हाला कळते. आत पू साठला आणि बाहेर पडायला वाट नसली की कातडी ताणते आणि शेवटी फुटते. टेकडीच्या मातीचे बरेचसे तसेच आहे. कोरडी माती स्वतःला धरून असते. तिच्यात पाणी भरत गेले की आतून दाब वाढतो, पकड सुटते आणि उतार खाली येतो. हे पाणी केवळ आभाळातून येत नाही. १० बाय १० फुटांच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९०० लिटरहून जास्त पाणी खाली उतरते. पन्हाळ नसेल तर ते थेट भिंतीच्या मुळाशी मुरते. त्यात बाराही महिने मोरीचे सांडपाणी, शोषखड्ड्याचे पाणी, गळक्या नळाचे पाणी. वरच्या गल्लीचे पाणी खालच्या गल्लीच्या घराखाली जाते. आणि खालचा माणूस पोरगा लग्नाचा झाला म्हणून टेकडीचा पाय कापून मागे एक खोली काढतो. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याने दुसरे कुठे जायचे, हे सांगणे अवघड आहे.

दरवर्षी पावसाच्या तोंडावर अशा वस्त्यांना नोटीस लागते: धोकादायक ठिकाणी राहणाऱ्यांनी सुरक्षित जागी जावे. कुठे, ते लिहिलेले नसते. मुंबईत २०१० साली झोपडपट्टी सुधार मंडळाने पाहणी करून डोंगरउतारावरच्या २२,४८३ झोपड्या धोक्यात असल्याचे आणि त्यातल्या ९,६५७ आधी हलवायला हव्यात असे सांगितले होते. माहुल त्यानंतर ११ वर्षांनी घडले. म्हणून आमचे मत असे की नोटीस ही त्यांच्या फाइलची सुरक्षितता आहे, आपली नाही.

पण आपलेही एक दुखणे आहे, ते लपवून चालणार नाही. चीर दाखवली तर घर जाईल, पात्र-अपात्रचा घोळ सुरू होईल, या भीतीने आपण चिरेवर सिमेंट थापतो आणि गप्प बसतो. मावशींनीही तेच केले होते. ही भीती खोटी नाही. एकटीने चीर दाखवली तर एकटीचे घर धोक्यात येते. पन्नास घरांनी मिळून गटार मागितले तर तो वस्तीचा अर्ज होतो. काही घरे मात्र गटार करूनही वाचणार नाहीत, तेही खरे. तिथल्या माणसांना जवळपासच, कागदपत्रांचा छळ न करता पक्के घर मिळावे, ही मागणी त्याच अर्जात असली पाहिजे.

गटारावर आमचा इतका भर का, तर त्याचा अनुभव आहे. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया या छोट्या देशात २००४ पासून ब्रिस्टल विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी उतारावरच्या गरीब वस्त्यांत काम उभे केले. पाणी कुठून येते, कुठे मुरते, हे आधी रहिवाशांनीच दाखवले. त्यावरून नकाशा झाला. मग उताराला आडवी काँक्रीटची गटारे आणि छपरांना पन्हाळी. कामाची मजुरीही वस्तीतल्याच लोकांना. २०१० साली तिथे टोमास वादळ आले, तेव्हा काम झालेले उतार टिकले, असे त्यांनी नोंदवले आहे. उंच भिंत बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. आपल्याकडे निवडणूक जवळ आली की गल्लीत नवे काँक्रीट पडते, रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि गटार होते तेवढेच राहते. आणि भिंत बांधली तरी तिच्यात पाणी निघायची भोके नसतील, किंवा कचऱ्याने बुजली असतील, तर ती मागे पाणी अडवून उलट धोका वाढवते.

वर्षावासात आपल्या विहारांत संध्याकाळी वाचन असते. आषाढी ते आश्विन पौर्णिमा, म्हणजे दरडीचेच दिवस. बाया जमलेल्याच असतात. वाचन झाल्यावर दहा मिनिटे एक वही काढा, असे आम्ही सुचवतो. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. आठ दिवसांनी ती खुणेच्या पुढे गेली का, ते पाहा. विजेचा खांब कलला का, दारे-खिडक्या अडकू लागल्या का, भिंतीला पोट आले का, झऱ्यासारखे गढूळ पाणी कुठे नव्याने फुटले का, सगळे लिहा. चीर वाढत असेल आणि पाऊस थांबत नसेल तर रात्र उजाडायची वाट पाहू नका. म्हातारी माणसे, बाळंतीण, लहान मुले यांना आधी विहारात किंवा शाळेत हलवा. कोणाला कोण उचलणार, हे आधीच ठरलेले असावे. घागर-भांडी नंतर.

हीच गटारे वाहती राहिली तर साचलेल्या पाण्यातला डेंग्यूचा डासही कमी होतो. दवाखान्याचा खर्च वाचतो तो वेगळा.

मावशींच्या गल्लीतल्या ३८ घरांनी अर्जावर सह्या केल्या. क्षेत्रीय कार्यालयात पहिल्यांदा पोच द्यायला नकार मिळाला. सगळ्या बाया काम बुडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, तेव्हा शिक्का मिळाला. गटार अजून झालेले नाही. चीर दोन बोटे पुढे गेली आहे, ते वहीत आहे. मावशींची दोन्ही नातवंडे जोराच्या पावसात खालच्या गल्लीत बहिणीकडे झोपतात.